साइटवरच्या क्रूसाठी अमेरिकन इतिहासाची क्विझ कशी घ्यायची

शुक्रवारी लंचच्या शेवटच्या दहा मिनिटांत क्रूला तीन प्रश्न विचारायचे, एवढंच आहे हे. मी अमेरिकेत बिल्डिंग साइटवर प्रोजेक्ट इंजिनिअर आहे आणि गेली काही वर्षं जवळपास प्रत्येक जॉबवर हे करतोय. इकडे फील्ड इंजिनिअर नाहीतर असिस्टंट सुपर (सुपर म्हणजे सुपरिंटेंडेंट, साइट चालवणारा) म्हणून लागलेली आपली बरीच मराठी पोरं विचारतात की प्रश्न कुठले काढतोस, लोक बोलतात का, सुपर चिडत नाही का, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

सगळ्यात आधी प्रश्न निवडायचा कसा ते, कारण बाकी सगळं यावरच आहे. पहिल्यांदा मी विचारलं होतं की स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर किती जणांनी सह्या केल्या. उत्तर ५६. कोणालाच आलं नाही आणि वाईट म्हणजे लोकांनी माना खाली घातल्या, कारण अर्ध्या क्रूची शाळा दुसऱ्या देशात झालेली आणि उरलेल्यांना शाळा सोडून तीस वर्षं झालेली, त्यांना तो प्रश्न म्हणजे परत वर्गात उभं केल्यासारखं वाटलं. मग मी घाईघाईत दुसरा विचारला, हूवर डॅमच्या काँक्रीटमध्ये खरंच माणसं गाडली गेलीत का? आणि जे सुरू झालं ते लंच संपला तरी थांबेना. त्या दिवशी मला कळलं की प्रश्न असा पाहिजे ज्याचं उत्तर पुस्तकात असो नसो, पण समोरच्याच्या हाताला ते माहीत असतं. ज्याने आयुष्यभर काँक्रीट ओतलंय त्याला त्या प्रश्नावर माझ्यापेक्षा जास्त बोलता येतं, आणि क्विझ नेमकी त्यासाठीच घ्यायची.

हूवर डॅमचा प्रश्न पहिल्या शुक्रवारी विचारा, कधी फसत नाही. आधी हात वर करायला सांगा, कोणाला वाटतं गाडलीत, कोणाला वाटतं नाही. निम्मे तरी हो म्हणतात, कारण ही दंतकथा सगळ्यांनी ऐकलेली असते. मग काँक्रीटवाल्यांना आकडे द्या आणि त्यांनाच ठरवू द्या. डॅम एकसंध ओतलेला नाही, उभ्या ब्लॉक्समध्ये ओतलाय, एक लिफ्ट, म्हणजे एका वेळचा थर, ५ फुटांची, बकेट ८ क्यूबिक यार्डांची, आणि मोठा ब्लॉक साधारण ६० बाय ६० फूट. आता करा हिशोब. ८ यार्ड म्हणजे २१६ क्यूबिक फूट, ते ३,६०० स्क्वेअर फुटांवर पसरलं तर लेव्हल इंचभरसुद्धा वर चढत नाही, आणि त्यात बूट घालून माणसं तुडवत उभी असायची. अशात माणूस कुठे गायब होणार? आमच्या एका वयस्कर फिनिशरने हा हिशोब कार्डबोर्डच्या तुकड्यावर पेन्सिलने केला आणि तो तुकडा पुढे आठवडाभर गँग बॉक्सच्या (हत्यारांच्या मोठ्या पेटीच्या) झाकणाला चिकटवलेला होता. वर त्याने स्वतःहून सांगितलं की आत शरीर राहिलं असतं तर तिथे पोकळी झाली असती, कोणता इंजिनिअर ते सोडेल.

याच धाग्यावर दुसरा प्रश्न लगेच जोडता येतो. एवढं काँक्रीट, नुसत्या डॅममध्ये ३२.५ लाख क्यूबिक यार्ड, थंड कसं केलं? मास पोअर, म्हणजे जाडजूड काँक्रीट, केलेल्या माणसाला माहीत असतं की सिमेंट सेट होताना तापतं आणि आत-बाहेर तापमानात फरक पडला की तडा जातो. तिथे एक इंची पाइप काँक्रीटच्या आत टाकून त्यातून आधी नदीचं आणि मग प्लांटमध्ये गार केलेलं पाणी फिरवलं, ५८० मैलांपेक्षा जास्त पाइप, आणि काम झाल्यावर पाइप ग्राउटने भरून टाकले. तसं केलं नसतं तर थंड व्हायला शंभरहून जास्त वर्षं लागली असती असा अंदाज होता. पहिलं काँक्रीट जून १९३३ मध्ये पडलं आणि शेवटचं मे १९३५ मध्ये, दोन वर्षंसुद्धा नाहीत. वाळवंटातला उन्हाळा धरून.

आता विचारायची पद्धत. मी प्रत्येक प्रश्नाला तीन पायऱ्या ठेवतो. आधी अंदाज, मग तो अंदाज का केला ते, आणि मग उत्तर. मधली पायरी गाळू नका, खरी मजा तिथे आहे. आकड्याचा प्रश्न असेल तर बरोबर-चूक ठेवायचंच नाही, जो जवळ आला तो जिंकला, म्हणजे कोणालाच अंदाज करायला लाज वाटत नाही. आकडे फूट-इंच-पाउंडातच सांगा, मीटर काढलात की अर्धे लोक तिथेच सुटतात. टीम पाडायच्या तर ट्रेडप्रमाणे पाडू नका, नाहीतर इलेक्ट्रिशियन विरुद्ध प्लंबर असं जे आधीच चालू असतं त्यात भर पडते, प्रत्येक टीममध्ये एक आयर्नवर्कर, एक कार्पेंटर, एक लेबरर असं मिसळा. क्रूमध्ये स्पॅनिश बोलणारे बरेच असतात, तर प्रश्न दोन्ही भाषांत मोठ्याने वाचा, आणि भाषांतर मशीनवर न सोडता क्रूमधल्याच एखाद्याला आदल्या दिवशी दाखवून घ्या, कारण ‘रिव्हेट’ला ते लोक नेमकं काय म्हणतात ते त्यालाच माहीत असतं. कागद वाटू नका. काहींना वाचायला अवघड जातं आणि ते तसं कधीच सांगणार नाहीत.

आणि वेळ. सेफ्टीच्या टूलबॉक्स टॉकची (कामाआधीच्या छोट्या सेफ्टी मीटिंगची) वेळ यासाठी घेऊ नका, ती वेगळीच ठेवा. क्रेनने माल उचलणं चालू असेल, पोअर चालू असेल, कोणी वर टाय-ऑफ करून, म्हणजे सेफ्टी दोरी बांधून, उभा असेल तर त्या शुक्रवारी क्विझ नाही, सरळ रद्द. सुपरला आधी विचारा, फोरमनला त्याच्याही आधी.

हातात काहीतरी वस्तू धरून प्रश्न विचारला तर दुप्पट चालतो. स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचा प्रश्न मी असा विचारतो. खिशातून तांब्याच्या पाइपचा एक तुकडा काढायचा आणि त्याला साध्या गॅल्व्हनाइज्ड पट्टीने बांधलेला दाखवायचा, आणि विचारायचं, यात चूक काय? प्लंबर लगेच ओरडतात, तांब्याला तांब्याचीच पट्टी लावायची, नाहीतर मध्ये काहीतरी घालायचं, नाहीतर पट्टी खाऊन टाकतं. बरोबर. आता सांगा की न्यूयॉर्कच्या बंदरात १८८६ पासून उभ्या असलेल्या बाईंच्या पोटात हीच भानगड होती. बाहेरचा तांब्याचा पत्रा जेमतेम ३/३२ इंच जाड, म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन पेनीची नाणी, आणि आतला सांगाडा लोखंडाचा, आयफेलने केलेला. दोन धातू एकमेकांना लागू नयेत म्हणून मध्ये शेलॅकमध्ये भिजवलेलं ॲस्बेस्टॉस घातलं होतं, त्यांना धोका माहीत होता, पण ते कालांतराने झिजलं, समुद्राची खारी हवा आत शिरली, लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या आणि तांब्यातले रिव्हेट उपटून काढायला लागल्या. १९८४ ते १९८६ मध्ये त्या पट्ट्या काढून बहुतेक ठिकाणी स्टेनलेस स्टीलच्या बसवल्या, मध्ये टेफ्लॉन घालून. मी हे सांगितलं त्या दिवशी दुपारी आमच्या साइटवर एका अप्रेंटिसने बेसमेंटमध्ये चुकीची लागलेली तीन हँगर (पाइप धरणाऱ्या पट्ट्या) स्वतः शोधून काढली. कोणी सांगितलं नव्हतं.

टू-बाय-फोरचा (नावाला दोन बाय चार इंची लाकडाचा) तुकडा आणि टेप हाही सोपा प्रॉप आहे, नवीन माणसाला मोजायला द्यायचा, दीड बाय साडेतीन निघतो, आणि मग जुन्या घरांच्या रिनोव्हेशनमध्ये भिंती का जुळत नाहीत यावर कार्पेंटर लोक स्वतःच बोलत बसतात. खिळ्याच्या डब्यावरचं १६डी मधलं ‘डी’ कशाचं, हाही चांगला, ते रोमन नाणं डेनारियसचं, म्हणून त्याला पेनी म्हणतात. छोटे प्रश्न आहेत, वॉर्म-अपला ठेवा.

स्टीलवाल्यांसाठी सेंट लुईसचा गेटवे आर्च. ६३० फूट उंच आणि पायांमध्ये अंतरही तेवढंच, हे बहुतेकांना उलट वाटतं, डोळ्याला उंच जास्त दिसतो. दोन पाय दोन बाजूंनी स्वतंत्र वर चढवत नेले आणि वर जुळवायचे, तर पायथ्याशी सर्व्हेला फक्त १/६४ इंचाची सूट. आता प्रश्न, २८ ऑक्टोबर १९६५ ला शेवटचा तुकडा बसवायच्या सकाळी फायर होज कशाला लावले होते? आग नव्हती. थांबा, बोलू द्या. ऊन पडलं की स्टील वाढतं हे ज्याने उन्हात बीम बसवलाय त्याला माहीत असतं, दक्षिणेकडचा पाय उन्हाने फुगून सरकत होता, त्याच्यावर पाण्याचा मारा करून तो गार ठेवला आणि हायड्रॉलिक जॅकने दोन्ही पाय लांब ढकलून मधे तुकडा बसवला. इन्शुरन्सवाल्यांचा अंदाज होता की या कामात १३ माणसं जातील. एकही गेला नाही.

एम्पायर स्टेट बिल्डिंगवर सगळेच विचारतात किती मजले, १०२, पण त्यात क्रूला काही नाही. विचारा की १ कोटी विटा वर कशा नेल्या. १७ मार्च १९३० ला बांधकाम सुरू आणि १ मे १९३१ ला उद्घाटन, ४१० दिवस, कामाच्या भरात दिवसाला ३,४०० च्या आसपास माणसं, आणि मॅनहॅटनमध्ये रस्त्यावर माल ठेवायला जागा शून्य. ट्रकमधून विटा थेट च्यूटमधून बेसमेंटच्या हॉपरमध्ये, तिथून डब्यात, डबा होइस्टने मजल्यावर, आणि मजल्यावर छोटे रूळ टाकलेले, त्यावरून डबा ढकलत मेसनच्या हाताशी. रस्त्यावर ढीग नाही, व्हीलबॅरोची रांग नाही. लंचला लोक खाली उतरून वेळ जाऊ नये म्हणून वरच्या मजल्यांवर जेवणाची सोय. हे सांगून झालं की आपल्या साइटवर ड्रायवॉल तीनदा का हलवतो हा विषय निघतोच, निघू द्या, त्यातून आम्हाला एकदा खरंच डिलिव्हरीचं वेळापत्रक बदलायला मिळालं.

न्यूयॉर्कच्या क्रायस्लर बिल्डिंगची गोष्ट मात्र थोडक्यात सांगा, ती सगळ्यांना आवडते. वॉल स्ट्रीटवरच्या एका बिल्डिंगशी उंचीची शर्यत चालू होती, तर यांनी १८५ फुटांचा कळस आतल्या आत गुपचूप जोडला आणि २३ ऑक्टोबर १९२९ ला दीड तासात वर काढून बसवला. रिगिंगवाल्यांना विचारा, तुम्ही कसा काढला असता.

ब्रुकलिन ब्रिज मला स्वतःला सगळ्यात जवळचा. यावर एकच प्रश्न घेतला तर तारेचा घ्या. केबलची तार येताना इन्स्पेक्शन व्हायचं, पास व्हायची, आणि वाटेत सप्लायर चांगली तार काढून खराब भरायचा, तीच चांगली तार परत इन्स्पेक्शनला दाखवायचा. १८७८ मध्ये हे पकडलं गेलं तोवर बरीच खराब तार पुलात गेलेली होती, ती काढता येईना. काय कराल? मी हा प्रश्न विचारून गप्प बसतो. एकाने म्हटलं पाडा, एकाने म्हटलं वजन कमी करा. पुलाचं डिझाइन आधीच गरजेच्या सहापट मजबूत होतं, खराब तारेचा हिशोब धरूनही पूल सुरक्षित राहतो हे चीफ इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंगने काढलं आणि वर प्रत्येक केबलमध्ये १५० जादा तारा घातल्या. ती खराब तार आजही तिथेच आहे आणि १८८३ पासून पूल उभा आहे. रोबलिंगला तेव्हा कॅसनच्या आजाराने (पाण्याखाली दाबाच्या हवेत काम केल्याने होणाऱ्या) चालणंही अवघड झालेलं, साइटवरचा सगळा निरोप आणि पुढे बरंचसं तांत्रिक कामही त्याची बायको एमिली बघायची. इन्स्पेक्शन झालेला माल नंतर कोणाच्या नजरेखाली होता, हा प्रश्न आमचा क्यूसीवाला (क्वालिटी तपासणारा) आजही या गोष्टीवरून विचारतो.

आता एक गोष्ट गंभीरपणे. मृत्यूवर पॉइंट ठेवू नका. किती मेले ते ओळखा, असला प्रश्न साइटवर विचारायचा नाही, समोर बसलेल्यांपैकी कोणीतरी कामावर माणूस गमावलेला असतो. त्या गोष्टी सांगायच्याच, पण क्विझबाहेर, नुसत्या सांगायच्या. गोल्डन गेटची मी १७ फेब्रुवारीच्या आठवड्यात सांगतो. तिथे पुलाखाली जाळी लावली होती, त्या जाळीने १९ माणसं वाचवली, आणि वाचलेल्यांचा ‘हाफवे टू हेल’ नावाचा क्लबच झाला. चार वर्षांत एकच मृत्यू. आणि मग १७ फेब्रुवारी १९३७ ला, उद्घाटनाला तीन महिने राहिले असताना, एक चालतं स्कॅफोल्ड सुटलं आणि जाळी फाडून खाली गेलं, १० जण गेले.

कॅन्सस सिटीच्या हॉटेलमधला वॉकवे हाही असाच. १७ जुलै १९८१, ११४ माणसं. मूळ डिटेलमध्ये छतापासून एकच लांब रॉड होता आणि वरचा-खालचा दोन्ही वॉकवे त्याच रॉडला आपापल्या नटवर. बनवायला सोपं जावं म्हणून एकाचे दोन रॉड केले, म्हणजे खालचा वॉकवे वरच्याला लटकला. दोरीवर समजावा, दोन माणसं एकाच दोरीला धरून लोंबकळतायत तर प्रत्येकाचा हात आपलंच वजन पेलतो, पण खालच्याने दोरी सोडून वरच्याचे पाय धरले तर वरच्याच्या हातावर दोघांचं वजन. दोरी तीच, मूठ सुटते. वरच्या बीमच्या त्या एका नटवर दुप्पट लोड आला, आणि मूळ डिटेलही कोडला पुरत नव्हतंच. मी हे सांगताना जमिनीवर खडूने दोन रेघा काढतो, आणि त्यानंतर कोणी ‘हे असं केलं तर सोपं जाईल’ म्हणत आलं की त्याला चूप करत नाही, आरएफआय (डिझायनरला लेखी विचारणा) टाकू म्हणतो.

इतिहास कोणाचा सांगतोय तेही बघा. नुसते आर्किटेक्ट आणि प्रेसिडेंट नकोत. १७७४ मध्ये पहिली काँटिनेंटल काँग्रेस फिलाडेल्फियात भरली ती कार्पेंटर्स हॉलमध्ये, म्हणजे बिल्डर लोकांच्या संघटनेच्या स्वतःच्या इमारतीत, हे ऐकून कार्पेंटर लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. तारीख ५ सप्टेंबर, आणि १८८२ मध्ये न्यूयॉर्कला पहिली लेबर डे परेड निघाली तीही ५ सप्टेंबरलाच, तर लेबर डेच्या आदल्या शुक्रवारी हे दोन्ही एकत्र विचारा. व्हाइट हाऊस आणि कॅपिटलच्या बांधकामात गुलाम माणसांची मेहनत आहे, ते टाळू नका. कॅपिटलच्या घुमटावर जो पुतळा आहे त्याचं प्लास्टरचं मॉडेल पाच भागांत होतं आणि सांधे इतके बेमालूम की ज्या कारागिराने जोडलं त्याने पगार वाढवल्याशिवाय सोडवून दाखवायला नकार दिला. फिलिप रीड नावाच्या गुलाम कामगाराने डोक्यावरच्या कडीला कप्पी लावून हळूहळू वर ताण दिला, सांध्यांवर केसाएवढ्या भेगा दिसल्या, आणि एकेक भाग सुटला. २ डिसेंबर १८६३ ला पुतळा वर चढला तेव्हा रीड स्वतंत्र झालेला होता. हा प्रश्न रिगर लोकांना विचारा, न सांगता बरोबर उत्तर देतात, मी तीन साइटवर बघितलंय.

रेल्वेवाले चिनी कामगार, न्यूयॉर्कच्या स्टीलवर चढलेले मोहॉक आयर्नवर्कर, यांच्यावरही प्रश्न घ्या, फक्त ‘त्यांना उंचीची भीतीच वाटत नाही’ असली वाक्यं नकोत. भीती सगळ्यांना वाटते, ते काम शिकलेले होते.

बक्षीस छोटं ठेवा. चांगले ग्लोव्ह्ज, एक टेप, कार्पेंटर पेन्सिलींचा गठ्ठा. पैसे किंवा गिफ्ट कार्ड द्यायच्या आधी ऑफिसला विचारा, काही कंपन्यांत चालत नाही. जिंकणारा तोच तोच येत असेल तर त्यालाच पुढच्या आठवड्याचे प्रश्न काढायला सांगा. आणि प्रत्येक आकडा स्वतः दोन ठिकाणी तपासून घ्या, शक्यतो पार्क सर्व्हिस किंवा ज्यांनी ते बांधलंय त्या खात्याच्या माहितीतून, कारण साइटवर एकदा चुकीचा आकडा सांगितलात तर तो पाच वर्षं पाच साइटवर फिरतो.

तारखा लावून ठेवल्या की वर्षभराचं काम सोपं होतं. २८ एप्रिल ठेवाच, १९७१ मध्ये त्या दिवशी ओशा (कामगारांच्या सेफ्टीचं सरकारी खातं) सुरू झालं आणि कामावर गेलेल्यांची आठवण त्याच दिवशी करतात. २४ मे ब्रुकलिन ब्रिजच्या उद्घाटनाचा. २८ ऑक्टोबरला स्टॅच्यू ऑफ लिबर्टी आणि आर्च दोन्ही. ६ डिसेंबरला वॉशिंग्टन मॉन्युमेंट, १८८४ मध्ये टोकावर ॲल्युमिनियमचा तुकडा बसवला, तेव्हा ॲल्युमिनियम चांदीच्या भावात होतं. त्या मॉन्युमेंटचा रंग साधारण १५० फुटांवर बदलतो तो का, हे मेसनला फोटो दाखवून विचारा, पैसे संपून काम वीसेक वर्षं बंद पडलं आणि परत सुरू झालं तेव्हा दगड दुसऱ्या खाणीचा आला.

आणि ख्रिसमसच्या आधीच्या शुक्रवारी मी एकच प्रश्न ठेवतो. रॉकफेलर सेंटरचं ते जगभर टीव्हीवर दिसणारं झाड, पहिलं कोणी लावलं? उत्तरं येतात, रॉकफेलरने, मेयरने, एखाद्या दुकानाने. डिसेंबर १९३१, मंदी शिगेला, तिथे नुसता खणलेला खड्डा आणि मातीचे ढीग. त्या साइटवरच्या कामगारांनी आपापसांत वर्गणी काढून २० फुटांचं झाड आणलं, घरच्यांनी केलेल्या कागदी माळा आणि क्रॅनबेरीच्या माळा त्याला घातल्या, आणि २४ डिसेंबरला त्याच झाडापाशी रांग लावून सगळ्यांनी पगार घेतला. त्या रांगेचा फोटो आहे. मी तो मोठा प्रिंट करून नेतो आणि हातोहात फिरवतो.